अध्यक्ष बन आणायला जातात

अध्यक्ष हे अध्यक्ष नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच सांभाळलं, तेही आधीचे अध्यक्ष गच्चीच्या गळतीवरून रुसून बसले म्हणून. पण तेवढ्या वर्षात ते इतक्या गांभीर्याने अध्यक्ष झाले की पुढच्या निवडणुकीत पडल्यावरही ते नाव त्यांना चिकटून राहिलं. दूधवाला त्यांना अध्यक्ष म्हणे, लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणे, आणि ज्यांनी त्यांना पाडायला घरोघरी फिरून मतं गोळा केली ते चिटणीसही अगदी आदराने अध्यक्षच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणे.

अध्यक्षांचा एक बाणा होता. कुणाच्या तोंडावर त्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. समोरच्याने काहीही पुढे केलं की अध्यक्ष मान किंचित तिरकी करत आणि म्हणत, "छान!" शिंप्याने कोटाची एक बाही आखूड शिवली तेव्हाही ते "छान" म्हणाले, आणि पुढे तो कोट फाटेपर्यंत एक हात कोपरात वाकवून वावरले. लोकांना वाटे, अध्यक्षांची ती ऐट आहे. अध्यक्षांनीही मग ती ऐट असल्याचंच ठरवून टाकलं.

तर त्या वर्षी त्यांच्या बायकोला लांबलेला ताप आला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आता माझं काम संपलं, तुमचं सुरू. खायला घाला." अध्यक्षांनी पदर नसताना पदर खोचला आणि सूप करायला घेतलं. रोज सकाळी सूप, रोज संध्याकाळी सूप. बायको चार चमचे घेई, "छान झालंय हो" म्हणे आणि वाटी बाजूला सारे. तिच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात गेला, मग अध्यक्षांनी सुरीच्या टोकाने त्याला आणखी एक भोक पाडलं. त्यांना भीती वाटत होती. माणूस डोळ्यांसमोर पातळ होत जातो आणि आपण वाटीत चमचा ढवळत बसतो, याची साधी, नागडी भीती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, कारण सांगायची कुणाला? अशा गोष्टी ते आजवर फक्त बायकोलाच सांगत आले होते.

आणि एक दिवस खिडकीशी बसल्या बसल्या ती म्हणाली, "अहो, समुद्रावरच्या बेकरीतला तो गोड बन मिळत असेल का हो अजून?"

अध्यक्षांच्या हातातली वाटी पडायचीच राहिली. तिला काहीतरी खावंसं वाटलं होतं! लग्नाआधी दोघं त्या बेकरीत जाऊन बसत. बुटका म्हातारा बेकरीवाला गल्ल्यामागे लाकडी खोक्यावर उभा राहून गिऱ्हाइकाशी बोले, आणि वरून साखर करपलेला तो गरम बन हातात दिला की बोलणं थांबवून आधी खावा लागे. अध्यक्षांनी लग्नाचं विचारलं तेही तिथेच, आणि तिने आधी बन संपवून मगच उत्तर दिलं होतं.

"मिळत असेल का म्हणजे? मिळालाच पाहिजे!" अध्यक्ष म्हणाले आणि कोट चढवला.

आता साधा बन आणायला निघायचं, तर निघावं की नाही माणसाने? पण अध्यक्ष जिन्यात चिटणीसांना बोलले, आणि चिटणीसांना बोललेली गोष्ट इमारतीच्या मालकीची होते. कुठली बस घ्यावी यावर दोन मजल्यांत वाद झाला. तळमजल्यावरच्या काकूंनी बन गरम राहावेत म्हणून एक जाड टॉवेल दिला आणि तो परत आणायची तीनदा आठवण केली. समोरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "गोड दातांना वाईट. पण आणाच. माझ्यासाठीही एक आणा." एवढ्या निरोपसमारंभानंतर अध्यक्षांना रिकाम्या हाताने परत यायची सोय उरली नाही.

बेकरी होती. पाटीवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने अर्धी खाल्ली होती, पण काचेचं कपाट तेच होतं, गल्ल्यामागे तो लाकडी खोकाही होता. माणूस मात्र नव्हतं. 'घंटा वाजवा' असं लिहिलं होतं, म्हणून अध्यक्षांनी घंटा वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आत कुणीतरी हालचाल केली आणि मग, अध्यक्षांना स्पष्ट जाणवलं, श्वास रोखून उभं राहिलं. लपून बसलेला दुकानदार त्यांनी याआधी पाहिला नव्हता. उधारी मागायला आलेल्यांपासून दुकानदार लपतात हे ठाऊक होतं, पण हा गिऱ्हाइकापासून लपत होता.

शेवटी पडदा सारून एक बाई बाहेर आली. चांगली उंच, रुंद खांद्यांची; दारातून येताना तिला वाकावं लागलं. म्हाताऱ्याची मुलगी, हे नाकावरून कळत होतं. बाकी सगळी देहयष्टी आईकडून आली असावी. तिने काही न बोलता बशीत बन ठेवला. तिच्या पंजात तो लिंबाएवढा दिसला. सोबत चहा ठेवला, तो गार होता. टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती आणि ती चुकीच्या पायाखाली होती.

अध्यक्षांनी बनाचा घास घेतला. म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला दात नुसतेच वरून सरकले. दुसऱ्या खेपेला तुकडा सुटला, आणि मग कळलं की तो सुटला नसता तर बरं झालं असतं. बन खारट होता. थोडाथोडका नाही, डोळ्यांत पाणी येईल इतका. गोड बनात इतकं मीठ कुणी अपघाताने घालेल हे शक्य वाटत नव्हतं; त्यामागे काहीतरी धोरण असावं.

तेवढ्यात बाई परत आली. जमिनीकडे बघत तिने विचारलं, "काका, कसा झालाय?"

विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की अध्यक्षांची मान आपोआप तिरकी झाली.

"छान!" ते म्हणाले. आणि नुसत्या 'छान'वर खरं वाटणार नाही म्हणून पुढे म्हणाले, "सहा बांधून द्या."

घरी येईपर्यंत ते स्वतःची समजूत घालत होते. आपल्यालाच खारट लागला असेल. समुद्रावरची हवा आहे, जिभेवर बसते. बायकोने बन हातात घेतला, वास घेतला, आणि तिचा चेहरा असा उजळला की अध्यक्षांना तिला तिथेच थांबवावंसं वाटलं. तिने घास घेतला. बराच वेळ ती तो घास तोंडात घेऊन बसली.

"छान आहे," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आणलात हो. उरलेला संध्याकाळी खाते."

संध्याकाळी त्यांना तो खिडकीतल्या कुंडीत, तुळतुळीत पानांच्या झाडामागे सापडला. कावळ्याने टोच मारून सोडून दिलेला. अध्यक्षांनी तो उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिण्याच्या निमित्ताने बराच वेळ उभे राहिले. इतक्या दिवसांनी तिने एक गोष्ट मागितली होती, आणि ती आपण तिला अशी दिली.

इकडे जिन्यात चौकशी सुरू झाली होती. दाताच्या डॉक्टरांनी आपला बन खाल्ला होता आणि ते एका बाजूने बोलत होते. "छान होता," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "छानच! मी मात्र चहात भिजत ठेवलाय, दुपारपासून." चिटणीसांनी दोन्ही अंगठे वर केले, तोंड मात्र उघडलं नाही. अध्यक्षांना शंका आली होती, पण एवढी सभ्य माणसं खोटं कशाला बोलतील?

फक्त एकच गोष्ट बरी झाली. त्यांनी ठरवलं की तक्रार करायची. आयुष्यातली पहिली. आरशासमोर उभं राहून त्यांनी वाक्य तयार केलं: "बाई, माफ करा, पण आपला बन खारट आहे." वाक्य उत्तम होतं. बसमध्ये ते त्यांनी इतक्या वेळा पुटपुटलं की शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे बसला. बेकरीत पोचले, घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. बाई आली आणि त्यांना पाहून चक्क हसली. "काका, तुम्ही परत आलात? परत फारसं कुणी येत नाही हो."

आता यावर कुणी काय करावं? अध्यक्ष "बाई, माफ करा" एवढं म्हणाले, आणि "पण"च्या ऐवजी त्यांच्या तोंडून निघालं, "दोन डझन मिळतील का?"

दोन डझन बन इमारतीत येतात तेव्हा ती बातमी होते. अध्यक्षांना घरात ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी घरोघरी वाटले. घरोघरी लोक "छान, छान" म्हणाले. परिणाम असा झाला की रविवारी वार्षिक सभेच्या नाश्त्यासाठी जी उपसमिती नेमली होती, तिने ठराव केला: अध्यक्षांच्या आवडीचा मान राखून यंदा समोशांऐवजी समुद्रावरचे गोड बन मागवावेत. सूचक काकू, अनुमोदक दाताचे डॉक्टर. ठराव एकमताने मंजूर.

"एकमताने?" अध्यक्षांनी अविश्वासाने विचारलं.

"एकमताने," चिटणीस खोल आवाजात म्हणाले. "मागणी तुम्हीच नोंदवून या. शनिवारी गेलात तरी चालेल."

अध्यक्षांनी ठराव मागे घेता येतो का, याची चौकशी केली. येतो, पण त्यासाठी उपसमितीची बैठक, बैठकीसाठी सूचना, आणि सूचनेसाठी कारण लागतं. कारण काय द्यायचं? सोसायटीच्या साऱ्या सभासदांना, पै-पाहुण्यांसह, रविवारी सकाळी खारट दगड खायला घालायचे, तेही आपल्या नावावर.

शनिवारी ते कोट चढवत होते, तर बायको चपला घालून दारात उभी. "मीही येते. किती महिने झाले समुद्र पाहून."

"अगं, पण तो बन—"

"मला आवडला ना," ती डोळ्याला डोळा न देता म्हणाली. "तिथे बसून खाऊ."

आणि अशा रीतीने दोघं, एकमेकांचं मन राखण्यासाठी, दोघांनाही नको असलेला बन खायला बसने निघाले.

बेकरीत त्यांनी खिडकीजवळचं टेबल धरलं. बाईने स्वतः बशा आणून ठेवल्या, बाजूला उभी राहिली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "काकू, कसा झालाय?" बायकोने एक बारीकसा तुकडा मोडला. तो तोंडात घातला. तिच्या गळ्याची शीर हलली. घास खाली जात नव्हता, तरी तिने तो रेटला. मग ती हसली. त्या हसण्याकडे बघताना अध्यक्षांना एकदम आठवलं की हे हसू आपण रोज बघतोय. सकाळ-संध्याकाळ. सुपाच्या वाटीवर.

"छ—" बायको म्हणायला लागली.

"खारट आहे," अध्यक्ष म्हणाले.

आपण बोललो, हे त्यांना स्वतःचा आवाज ऐकून कळलं. एकदा तोंड उघडल्यावर मात्र ते थांबेनात. "बाई, माफ करा, फार खारट आहे. आणि दगड आहे. चहा गार आहे, टेबल हलतंय, पुठ्ठा चुकीच्या पायाखाली आहे. माझी बायको आजारातून उठलीय, तिला जगात फक्त तुमचा बन खावासा वाटला, आणि तो तिला खाता येत नाहीये. आणि मी एकदा छान म्हणून गेलो, मग वर दोन डझन घेऊन गेलो. मी... मला वाईट वाटतंय."

बाई मटकन बाजूच्या खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरून आले. अध्यक्षांना वाटलं, झालं, रडवलं आपण हिला. पण ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही खारट लागतो?"

"म्हणजे काय?"

"मला पहिल्या दिवसापासून खारट लागतोय, काका! मला वाटलं माझीच जीभ बिघडली. बाबा गेले, त्यानंतर मी पहिल्यांदा भट्टी लावली. सगळे भेटायला आले, सगळ्यांनी खाल्ला, सगळे म्हणाले, छान, अगदी बाबांच्या हातची चव! मग मी हात कशाला लावू? लोक नेतात, छान म्हणतात, बहुतेक परत येत नाहीत. मला कळेना. असला बन खाताना लोकांकडे बघवत नाही मला. म्हणून मी आत जाऊन उभी राहते."

"घालता किती मीठ?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी धार आली होती.

"बाबा घालायचे तेवढंच. पीठ, साखर, सगळं मापाने. मीठ मात्र ते हाताने घालायचे. म्हणायचे, एका घाण्याला दोन मुठी. मी त्याच्या बाहेर गेले नाही."

बायकोने तिच्याकडे पाहिलं. मग गल्ल्यामागच्या लाकडी खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हात दाखव बघू तुझा."

बाईने हात पुढे केला. बायकोने आपली मूठ त्यात ठेवली. मूठ त्या पंजात हरवून गेली.

"अगं बाई," बायको म्हणाली, "तुझे वडील त्या खोक्यावर चढल्याशिवाय आम्हाला दिसायचे नाहीत!"

मग बाई हसायला लागली, ती इतकी हसली की काचेचं कपाट वाजलं. डोळे पुसत म्हणाली, "इतका मोठा हात घेऊन मी इतकी वर्षं... आणि मीठ जास्त झालं की पीठ फुगतही नाही काकू, म्हणून ते दगड." बायकोने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बाह्या सारल्या. "चल, पीठ काढ. मीठ मी घालते."

"अगं, तुला दम लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही दुकान बघा," बायको म्हणाली आणि पडद्याआड गेली.

अध्यक्षांनी याआधी बऱ्याच सभा चालवल्या होत्या, दुकान कधी नाही. त्यांनी आधी पुठ्ठा योग्य पायाखाली घातला. मग ते गल्ल्यामागे उभे राहिले. थोड्या वेळाने एक पेन्शनर गृहस्थ आले आणि सवयीने म्हणाले, "एक बन द्या."

अध्यक्षांच्या मानेने तिरकं व्हायची तयारी केली. त्यांनी ती सरळ केली. "हे नका घेऊ. खारट आहेत. पीठ भिजवलंय, फुगायला वेळ लागेल, मग या."

गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं, गल्ल्यावर वाकले आणि कुजबुजले, "तुम्हालाही लागले? मी रोज नेतो हो, बिचारीला वाईट वाटू नये म्हणून. घरी गेल्यावर दाराला टेकण म्हणून लावतो." बसायला म्हणून ते बसलेच. त्यांच्यामागून आलेल्या दोघी बहिणी म्हणाल्या, आम्ही माशांना टाकायचो, आता मासेही त्या बाजूला येत नाहीत. बघता बघता खुर्च्या भरल्या. इतकी वर्षं मनात साठवलेलं लोक भडाभडा बोलत होते, आणि पडद्याआडून प्रत्येक वाक्याला बाईचं खो-खो हसणं ऐकू येत होतं.

हुरूप आल्यावर अध्यक्षांनी चिटणीसांना फोन लावला. "उद्याच्या नाश्त्याबद्दल बोलायचंय. तुम्ही खाल्लेले बन खारट होते."

चिटणीस म्हणाले, "अध्यक्ष, आम्हाला वाटलं तुम्हाला आवडतात! वहिनींचं आजारपण, तुम्ही एकटेच धावपळ करताय, म्हटलं माणसाचा एवढा एक आनंद आहे, तो कशाला..." मग ते सावरून म्हणाले, "डॉक्टरांची दाढ हलली आहे, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. उद्या समोसेच मागवतो."

अध्यक्षांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं होतं, इमारत आपली फजिती बघतेय. इमारत तर निमूटपणे दगड चावत होती, त्यांच्यासाठी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आतून वास आला. करपलेल्या साखरेचा. दुकानातलं बोलणं आपोआप थांबलं. पडदा सरला आणि बायको बाहेर आली, नाकाला पीठ, गाल भट्टीच्या धगीने लाल, हातात बशी. बशीत एकच बन, चांगला टम्म फुगलेला. ती खुर्चीत बसली आणि कुणाकडेही न बघता खायला लागली. पहिला घास, दुसरा घास. अध्यक्ष तिच्या गळ्याकडे बघत होते. घास सरळ खाली जात होता. तिने बन संपवला, बोटाला लागलेली साखर चाटली, आणि बशीतले कणही टिपले.

"कसा झालाय?" अध्यक्षांनी विचारलं. जीव मुठीत धरून विचारलं. आणि तिने "छान" म्हणू नये, अशी प्रार्थना केली.

बायकोने जरा विचार केला.

"मीठ थोडं कमी पडलंय," ती म्हणाली. "माझी मूठच भरत नाहीये अजून. म्हातारेबुवांचा हात इतका काही लहान नव्हता." तिने टेबलावरचं घड्याळ उचललं, मनगटावर चढवलं आणि पट्टा सुरीने पाडलेल्या भोकात अडकवला. त्याकडे तिने क्षणभर पाहिलं. "पुढच्या शनिवारी परत येऊ. तोवर भरेल जराशी. मग बरोबर येईल चव."

"येऊ ना," अध्यक्ष म्हणाले. आणि त्यांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं.

"आणि अहो, ते तुमचं सूप—"

"त्याचं काय?"

"ते घरी गेल्यावर बोलू," बायको म्हणाली आणि रिकामी बशी पुढे केली. "आधी आणखी एक आणा."